लिऑनमध्ये ऐन मीटिंगमध्ये लाईट जायची, त्यावरचा उपाय

उत्तर स्पेनमधलं लिऑन 800 मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे थंडी कडाक्याची. पुण्याची दुपारी दोनची मीटिंग हिवाळ्यात इथे सकाळी साडेनऊला येते, आणि नेमकी तेव्हाच माझ्या भाड्याच्या घरातली लाईट जायची. शेजाऱ्यांकडे मात्र चालू!

बिल नीट वाचल्यावर उलगडा झाला. 'पोतेन्सिया कोन्त्रातादा', म्हणजे मंजूर भार, फक्त 3.45 किलोवॉट. इथे वापर त्याच्या फार वर गेला की स्मार्ट मीटरच पुरवठा तोडतो. हीटर 2000 वॉट, गीझर 1500, वर इंडक्शनवर चहा. मग काय होणार!

मेन स्विच पाडून काही सेकंदांनी वर केला की लाईट येते, पण वायफाय सुरू होईपर्यंत मीटिंग हातची गेलेली असते.

गीझरला टायमर लावला. आता पाणी पहाटेच तापतं. रात्री बारा ते सकाळी आठ हे तास टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या, दरात सर्वांत स्वस्तही असतात. राउटरला छोटा यूपीएस जोडला. मंजूर भार वाढवून मिळतो, पण मग दरमहाचा स्थिर आकारही वाढतो, म्हणून तो शेवटचा पर्याय ठेवा. घर बघायला जाल तेव्हा घरमालकाकडे विजेचं जुनं बिल जरूर मागा.