छताच्या कोपऱ्यात ओल: पाणी पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्यातून येत होतं

पंचवटीतल्या मुलांच्या निवारागृहात आम्ही वस्तीतली माणसं श्रमदान करतो. पाऊस लागला की झोपायच्या खोलीत छत आणि भिंत जिथे मिळतात तिथेच ओल, पुट्टीचे पोपडे, पांढरा क्षार. छताचा मधला भाग कोरडा. आतून पुट्टी-रंग, गच्चीवर डांबरी पट्टी, दोन्ही वाया. रात्री मुलांना गाद्या ओढत जागा बदलताना बघून जीव तुटायचा.

उघाडीत फक्त पॅरापेटच्या कडेने पाइपने पाणी सोडलं, तेव्हा खाली ओल उमटली. मग जुना वाटा (गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार) फोडला, सांध्यातली चीर व्ही आकारात खोदली, तारेच्या ब्रशने घासून धुतली. त्यावर सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं रसायन) यांची पातळ स्लरी. ती ओली असतानाच (वाळली तर माल धरत नाही) एसबीआर घातलेल्या १:३ सिमेंट-वाळूच्या मालाने नवा गोल वाटा काढला. ओलं गोणपाट टाकून पाणी मारत राहिलो. खडखडीत वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक वॉटरप्रूफ कोटिंगचा पहिला हात, त्यातच फायबरची जाळी दाबली, सुकल्यावर दुसरा हात आडवा. भिंतीवर आणि गच्चीवर ९-९ इंच.

४८ तास गच्चीत पाणी साठवून खात्री करा. आतली पुट्टी त्यानंतरच, भिंत पूर्ण वाळल्यावर.