थंडीच्या लाटेत केळीची बाग कशी सांभाळावी

केळीचं नुकसान व्हायला दहिवर गोठावं लागत नाही. पारा १६ अंशांच्या खाली गेला की नवीन पान बाहेर पडण्याचा वेग मंदावतो आणि १० च्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. १२-१३ अंशांखालच्या रात्री लागोपाठ आल्या तर फळाच्या सालीखालचा चीक गोठतो, तिथे तपकिरी रेषा उमटतात आणि असा माल पिकल्यावर पिवळाधमक न होता राखाडी, मळकट दिसतो. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जाणं नवीन नाही. त्यामुळे तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू झाली पाहिजे. लाट आल्यावर धावपळ करून फार थोडं हाती लागतं.

सगळ्यात वाईट रात्र म्हणजे आकाश निरभ्र आणि वारा पडलेला. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती ऊब आकाशाकडे सोडते, जमिनीलगतची हवा गार होते आणि जड असल्यामुळे उताराने वाहत नाल्याकाठी, खोलगट तुकड्यात साचते. एकाच शेतात वरचा भाग हिरवा आणि खालचा पिवळा दिसतो तो यामुळेच. साधा तापमापक बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, जमिनीपासून चारेक फुटांवर, वरून आडोसा करून टांगा आणि सूर्योदयाच्या वेळी वाचा, कारण रात्रीचं नीचांकी तापमान बहुधा तेव्हाच असतं. तालुक्याच्या अंदाजात आणि तुमच्या खोलगट तुकड्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

पाणी हाच पहिला उपाय

ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. कोरडी, भुसभुशीत जमीन हे करू शकत नाही. म्हणून लाटेचा अंदाज आला की खुरपणी, कुळवणी थांबवा आणि वरचा वीतभर थर आदल्या दिवशीच ओला करून ठेवा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थंडीतही २५ अंशांच्या आसपास असतं. ते रात्री उशिरा किंवा पहाटे दिलं तर मुळांजवळ थोडी ऊब मिळते. शेततळ्यात साठवलेलं पाणी पहाटे गारठलेलं असतं, त्यामुळे त्या दिवसांत शक्यतो थेट विहिरीवरून सोडा.

ठिबकने फक्त खोडाजवळचा पट्टा ओला होतो. मधली कोरडी जागा तशीच गार राहते. सरी उपलब्ध असेल तर लाटेआधी एक हलकं पाणी सरीतून द्या. पण एकूण पाणी वाढवू नका, फक्त वेळ बदला. गार दिवसांत झाड पाणी कमी उचलतं, आणि भारी काळ्या जमिनीत चिखल झाला की मुळं गुदमरतात. मग पानं पिवळी पडतात आणि दोष थंडीला दिला जातो. थ्री फेज वीज कधी रात्री, कधी दिवसा येते. दिवसपाळीच्या आठवड्यात निदान संध्याकाळपर्यंत पाणी पूर्ण करा, रात्रपाळीत ऑटो स्विच आणि टायमर वापरा.

वारा, आच्छादन आणि शेकोट्या

उत्तरेकडून येणारा गार, कोरडा वारा पानं फाडतो आणि झाडातलं पाणी ओढून घेतो. त्यासाठी लागवडीच्या वेळीच उत्तर आणि पश्चिम बांधावर शेवरी किंवा गजराज गवताच्या दाट ओळी लावाव्यात. ते राहिलं असेल तर बांबूवर ५० टक्क्यांचं शेडनेट ताणा. वारा पूर्ण अडवणारी ताडपत्री नको, तिच्यामागे भोवरे तयार होतात. थोडा वारा गाळून जाऊ देणारा आडोसा उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत उपयोगी पडतो. शेताच्या खालच्या, उताराच्या टोकाला मात्र कुंपण मोकळं ठेवा, नाहीतर निथळून जाणारी गार हवा बागेतच कोंडली जाईल.

आच्छादनाबद्दल सरसकट सल्ला देता येत नाही. केळीची वाळलेली पानं, उसाचं पाचट मुळांची ऊब राखतं, पण जमिनीची ऊब वर पानांपर्यंतही येऊ देत नाही. उंच, वाढलेल्या बागेत ते ठेवलेलं बरं. पाच-सहा पानांच्या छोट्या रोपांभोवती मात्र लाटेच्या रात्री जाड पाचट खोडापासून बाजूला सारून जमीन उघडी आणि ओली ठेवणं जास्त फायद्याचं.

शेकोटीवर लोकांचा विश्वास तिच्या कुवतीपेक्षा जास्त आहे. नुसता धूर जमिनीची ऊब अडवण्यात कमकुवत असतो. थोडा फायदा होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि ओल्या कचऱ्यातून निघणाऱ्या वाफेचा. एक मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी कडेची गार हवा आत ओढली जाते. त्यापेक्षा बांधावर १५-२० मीटर अंतराने लहान लहान ढीग करा, खाली वाळका आणि वर ओलसर काडीकचरा ठेवा आणि पहाटे तीन-चारपासून सूर्य वर येईपर्यंत ते धुमसत ठेवा. वारा असेल त्या रात्री हा खटाटोप करू नका. आणि ढीग ठिबकच्या नळ्यांपासून लांब ठेवा.

कांदेबागेची रोपं

कांदेबाग म्हणजे ऑक्टोबरची लागवड. त्यातली टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं सर्वांत नाजूक असतात, कारण त्यांचा वाढीचा कोंब अजून जमिनीलगत, म्हणजे नेमका गारव्यात असतो. यांना क्रॉप कव्हर परवडतं: १७ ते २५ जीएसएमचं (एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) पांढरं न विणलेलं कापड, वाकवलेल्या तारा किंवा बांबूच्या कामट्यांवर पसरून कडा मातीने दाबायच्या. कापड पानांना टेकलं तर टेकलेल्या जागी पान भाजल्यासारखं होतं, म्हणून मध्ये चार बोटं जागा सोडा. दुपारी आतली हवा फार तापू लागली की एक बाजू उघडा. रोपांना आडोसा म्हणून मधल्या जागेत ताग चालतो, पण मका, मिरची, टोमॅटो किंवा काकडीवर्गीय पीक घेऊ नका. त्यांच्यावरून मावा येतो आणि तो काकडीचा मोझॅक विषाणू केळीत पसरवतो. थंडी निघून गेली तरी हा रोग लागलेलं झाड उपटावंच लागतं.

निसवण आणि घड

टिश्यू कल्चरचं ग्रँड नैन (केळीचा वाण) साधारण सात-आठ महिन्यांत निसवतं, घड बाहेर टाकतं. म्हणजे मृगबागेची (जून-जुलैच्या लागवडीची) निसवण नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत येते. गारठ्यात खोडाची लांबी आखडते, पानं एकाच जागी गुच्छासारखी येतात आणि घड गळ्याशी अडकतो. अडकलेला घड ओढून काढू नका, दांडा मोडतो. घड खोडाच्या कडेने फुटू पाहत असेल तर झाडाला बांबूचा टेकू द्या आणि ऊन वाढेपर्यंत थांबा.

घड पूर्ण निसवला की कमळ (घडाच्या टोकाचं फूल) काढा आणि १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम ०:५२:३४ हे विद्राव्य खत व १०० ग्रॅम युरिया, सोबत स्टिकर (फवारा चिकटून राहावा म्हणून घालायचं द्रावण) घालून फवारा. १५ दिवसांनी दुसरी फवारणी करा. पहिली फवारणी वाळल्यावर न विणलेल्या कापडाची स्कर्टिंग बॅग (घड झाकणारी पिशवी) घाला. प्लॅस्टिकची पिशवी वापरणार असाल तर थंडीत कमी छिद्रांची, सुमारे २ टक्के, घ्या. खालचं तोंड दोन्ही पिशव्यांत उघडंच राहिलं पाहिजे. ते बांधलं की आत दव साचतं आणि फळांवर काळे डाग येतात.

खतांच्या बाबतीत घाई नडते. गार जमिनीत जिवाणू मंद असतात, मुळं सुस्त असतात, त्यामुळे एकदम टाकलेला युरिया झाडाला उशिरा मिळतो. ठिबकमधून छोटे हप्ते द्या, पालाश चुकवू नका, आणि प्रत्येक झाडाला २००-२५० ग्रॅम निंबोळी पेंड थंडी सुरू होतानाच मातीत मिसळा.

दव जास्त असेल तर करपा हा पानांवरचा बुरशीजन्य रोग वाढतो. करपलेला भाग तेवढाच कापून बागेबाहेर नष्ट करा आणि १० लिटरला १० मिली प्रोपिकोनॅझोल, स्टिकरसह, पानांच्या खालच्या बाजूलाही पोचेल असं फवारा. पुढची फवारणी वेगळ्या गटातल्या औषधाची घ्या. नुसत्या थंडीने पिवळी पडलेली पानं मात्र काढू नका. अर्धं हिरवं पानही घड पोसतं, आणि वरचं पान गेलं की खालच्या पानाचं व घडाचं पांघरूण जातं. ही सफाई रात्रीचा पारा १५ अंशांवर स्थिरावल्यावर करावी.

बांधावर नारळाची दोन-चार रोपं असतील तर त्यांनाही पहिल्या दोन वर्षांत जपावं लागतं. झावळ्या सुतळीने सैल बांधून उभ्या करा, उत्तर-पश्चिमेला गोणपाटाचा आडोसा लावा आणि आळं ओलं ठेवा. शेंड्यावर प्लॅस्टिक गुंडाळू नका. आत पाणी साचून कोंब कुजतो, आणि नारळाला दुसरा कोंब नसतो.

काढणीला आलेला घड थंडीत दुपारी उतरवा, रात्री उघड्या ट्रॉलीत ठेवू नका. शीतगृहातही केळीला १३ अंशांखालचं तापमान सोसत नाही. बागेत वाचवलेली साल एका रात्रीच्या वाहतुकीत काळवंडू शकते.