पावसाळ्यात गावच्या रस्त्यावर गाडी किती भरायची

मानखुर्दला आमचे दोन सहाचाकी ट्रक आणि एक ४०७, म्हणजे टाटाचा लहान ट्रक, उभे असतात. भिवंडीच्या गोदामांतून सिमेंट, लाद्या, सळई उचलायची आणि मुरबाड, शहापूर, जव्हारच्या गावांत पोचवायची, हे काम मी बावीस वर्षं करतेय. जून लागला की नवीन गाडीवाले विचारतात, "ताई, पासिंग साडेअठरा टनाचं आहे, मग गाडी अर्धी का पाठवता?"

पासिंग, म्हणजे आरटीओनं मंजूर केलेलं मालासकट एकूण वजन, गाडीचं असतं. गावच्या रस्त्याचं पासिंग कुणी काढलेलं नसतं. हा रस्ता बहुतेक ठिकाणी पावणेचार मीटर रुंद, वर दोनेक सेंटिमीटर डांबर, खाली खडी-मुरूम आणि त्याखाली शेतातलीच माती. मे महिन्यात तो मुरूम दगडासारखा घट्ट असतो. जुलैत लावणीसाठी दोन्हीकडची खाचरं तुडुंब भरली की पाणी कडेनं रस्त्याच्या पोटात शिरतं. वरून डांबर धड दिसतं, आत मुरमाचा लगदा झालेला असतो.

माझा भाचा कॅनडात ओंटारिओला ट्रक चालवतो. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते. थंडी सरताना वरचा थर आधी वितळतो, खालचा गोठलेलाच राहतो, आणि मधल्या पाण्याला निचऱ्याला वाटच मिळत नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या गावाकडच्या रस्त्यांवर पाट्या लागतात: एका ॲक्सलमागे, म्हणजे दोन्हीकडची चाकं ज्या आडव्या दांड्यावर बसतात त्यामागे, ५ टन, जास्त नाही. ड्रायव्हर त्याला 'हाफ लोड' म्हणतात. त्यानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर आपला श्रावण! आपल्याकडे मोऱ्यांवर वजनाच्या पाट्या दिसतात, पण अशी मोसमी पाटी मला आमच्या वाटेवर कधी दिसली नाही. तेव्हा आपला हाफ लोड आपणच ठरवायचा.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. भरलेली गाडी काट्यावर एकदा पूर्ण चढवून घेता, तशी दुसऱ्यांदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या. काटेवाला कुरकुर करेल, दुसऱ्या पावतीचे पैसे द्या, पण घ्याच. रस्ता मोडतो तो मागच्या ॲक्सलच्या वजनानं, गाडीच्या एकूण वजनानं नव्हे. आमची एक सहाचाकी रिकामी ६ टन ४०० किलो भरते. पासिंगप्रमाणे तिच्यात सिमेंटच्या २४२ गोण्या बसतात आणि मागच्या ॲक्सलवर साडेअकरा टनांच्या आसपास येतं. मी पावसात गावच्या वाटेला १२० गोण्या पाठवते, तेव्हा तिथेच ८ टन १०० किलो येतं.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला हिशेब रस्तेवाले आजही वापरतात: ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळा पट. त्या हिशेबानं साडेअकराचे आठ टन केले की एका खेपेचं नुकसान पाव राहतं. म्हणजे तोच माल दोन खेपांत नेला तरी रस्त्याला निम्माच मार बसतो. "दोनदा गेलीस तर दुप्पट नुकसान नाही का?" असं विचारणाऱ्याला हे आकडे सांगा. हेही सांगा की जुलै २०१८ मध्ये मागच्या चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ झाली, पण गावातला जुना रस्ता त्या दिवशी जाड झाला नाही.

ओव्हरलोडचा तर विचारच नको. दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जास्तीचा माल आपल्याच खर्चानं उतरवायचा.

विटा भरत असाल तर ताडपत्रीत कंजूषी करू नका. कोरडी वीट तीन किलोची धरली तर भिजून सहज अर्धा किलो पाणी पिते. चार हजार विटांमागे ते दोन टन झालं, आणि तुमच्या हातातली पावती कोरड्या मालाची असते.

आता साइडपट्टी. २०११ च्या जुलैत टोकावड्याच्या पुढे एका फाट्यावर आमची पूर्ण भरलेली गाडी समोरच्या जीपला साइड द्यायला डावीकडे उतरली. पट्टीवर हिरवंगार गवत होतं, ड्रायव्हरला वाटलं टणक आहे. मागची डावी जोडी ॲक्सलपर्यंत खाली गेली आणि डांबराची कड हातभर रुंद पोळीसारखी तुटून खाचरात पडली. भर पावसात गोण्या दुसऱ्या गाडीत चढवल्या, वारई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, दुप्पट गेली. पण मला खरा त्रास झाला तो संध्याकाळी. शाळेची पोरं तो तुकडा ओलांडायला चिखलात उतरून, दप्तर डोक्यावर धरून चालली होती. तो रस्ता माझ्या गाडीनं मोडला होता.

तेव्हापासून नियम: पावसात भरलेली गाडी साइडपट्टीवर उतरवायची नाही. समोरून कुणी आलं तर रुंद जागा बघून आधीच थांबायचं, नाहीतर क्लीनरनं उतरून मागे घ्यायला लावायचं. शंका असेल तिथे पहार टोचून बघा. वजन न टाकता वीतभर आत गेली तर चाक नेऊ नका.

डांबरावर जाळीदार भेगा दिसल्या की जरा थांबा. पुढून एखादी गाडी जाऊ द्या. चाकाखाली भेगांतून गढूळ पाणी उसळलं, किंवा भेगांच्या काठाला बारीक मातीचे डाग सुकलेले दिसले, तर आतला मुरूम वाहायला लागलाय. तिथून ४०७ सुद्धा अर्धीच न्या. मोरीवर पाणी असेल तर गाडी अलीकडेच उभी राहील, मग ग्राहक काही म्हणो. आणि ट्रॅक्टरची ट्रॉली दिसते हलकी, पण दोन चाकांच्या ट्रॉलीत जवळजवळ सगळं वजन एकाच ॲक्सलवर येतं, हे भरताना लक्षात ठेवा.

सगळ्यात फसवं असतं ते उघडीपीचं ऊन. चार दिवस झड लागून पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं की ग्राहकाचा फोन येतो, "रस्ता सुकला, पाठवा." सुकलेलं असतं ते डांबर. खाचरात पाणी उभं आहे तोवर रस्त्याचं पोट ओलंच. मी ग्राहकाला एकच विचारते: रस्त्याकडेच्या चरातलं पाणी उतरलं का? उतरल्यावरही दोन दिवस जाऊ देते.

भाड्याचं बोलणं मेमध्येच करून टाका. रेती, विटा, सळई, लाद्या हा जड माल पावसाआधी गावात टाकून घ्यायला सांगा. सिमेंट मात्र साठवायला लावू नका, दमट हवेत त्याचे गोळे होतात. ते पावसात लागेल तसं, शंभर-सव्वाशे गोण्यांनी. खेपेचं भाडं ठरवा, टनाचं नको. टनावर ठरलं की ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळ्यांचा हात जास्त भरण्याकडेच जातो.

परतताना गाडी रिकामी असते, घाई नसते. ड्रायव्हरला सांगून ठेवा, जाताना आपली चाकं जिथून गेली तिथे एकदा उतरून बघ. डांबरावर बोटाच्या पेराएवढा जरी खड्डा पडलेला दिसला, तर मला फोन कर. दुसऱ्या दिवशीची खेप मी तिथल्या तिथे रद्द करते.