पापणीवर गाठ आली? या चुका टाळा

पापणीवर काहीही उगवलं की आपण त्याला रांजणवाडी म्हणून मोकळे होतो. गडबड इथूनच सुरू होते, कारण पापणीवरच्या सगळ्याच गाठींचा इलाज सारखा नसतो आणि काहींना इलाजच लागत नाही.

खरी रांजणवाडी दुखते. पापणीच्या कडेला, अगदी केसाच्या मुळाशी लाल फोड येतो, हात लावू देत नाही, आणि दोन-तीन दिवसांत त्याचं तोंड पिवळं होतं. केसाच्या मुळाजवळच्या बारीक ग्रंथीत जंतू शिरलेले असतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. दुसरी असते ती कडेपासून जरा आत, कातडीखाली वाटाण्यासारखी लागणारी, दाबली तरी न दुखणारी गाठ. डोळ्यांचे डॉक्टर तिला कॅलेझिऑन म्हणतात. वरच्या पापणीत साधारण तीसेक मायबोमियन ग्रंथी उभ्या रांगेत असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पसरून डोळा ओला ठेवतं. एखादीचं तोंड बुजलं की तेल आतच साचतं, आसपासच्या मांसात झिरपतं आणि तिथे सूज धरते. यात जंतूंचा संसर्ग नसतो. म्हणून अँटिबायोटिकच्या गोळ्या कितीही खाल्ल्या तरी ही गाठ जागची हलत नाही.

शेक: सगळे करतात, बहुतेक चुकतात

दोन्हींचा पहिला इलाज एकच, गरम ओला शेक. तळहातावर बोट घासून पापणीला टेकवणं हा घरोघरचा प्रकार. ती ऊब पाच सेकंदही टिकत नाही, वर बोटावरचा मळ डोळ्याला. घट्ट झालेलं तेल वितळायला साधारण ४० अंशांची ऊब सलग मिळावी लागते.

पाणी उकळून घ्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतकं निवू द्या. स्वच्छ सुती रुमालाची चौपदरी घडी त्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. दीड-दोन मिनिटांत घडी गार होते, की पुन्हा बुडवायची. असं सलग १० मिनिटं, दिवसातून चार वेळा. एकदाच ठेवून विसरलात तर शेवटची आठ मिनिटं तुम्ही गार फडकं डोळ्यावर घेऊन बसलेले असता.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास असताना डोळ्यावर गरम फडकं ठेवायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? म्हणून लोक बर्फ लावतात. बर्फाने बरं वाटतं, पण तेल आणखी गोठतं. कूलरसमोर बसा हवं तर, शेक मात्र गरमच घ्या. आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी आयतं तापलेलं मिळतं म्हणून ते वापरू नका, डोळ्याला उकळलेलंच पाणी हवं. उकडलेलं अंडं किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवलेली पोटलीही नको. वरून कोमट वाटते, आत धगधगीत असते आणि पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ.

न दुखणाऱ्या गाठीला शेकानंतर लगेच मालीश करा: वरच्या पापणीवर बोट वरून केसांकडे, खालच्या पापणीवर खालून केसांकडे, अर्धा-एक मिनिट, हलक्या हाताने. लाल, ठणकणाऱ्या फोडाला मालीश करायची नाही.

फोडणं, उगाळणं, थेंब

पिवळं तोंड दिसलं की नखं शिवशिवतात. दाबल्यावर पू बाहेर येण्याऐवजी आतही पसरतो आणि सूज गालापर्यंत उतरते. रांजणवाडी आठवडा-दोन आठवड्यांत आपली आपण फुटते. लवंग किंवा खारकेची बी उगाळून लावल्यावर ती बरी झाली असं वाटतं, कारण ती तशीही बरी होणारच होती. चुना मात्र कधीच नाही. तो बुबुळ जाळतो.

नागपुरात 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान आणि 'मेडिकल' म्हणजे सरकारी इस्पितळही. डोळ्याचे थेंब पहिल्यातून परस्पर आणण्यापेक्षा दुसऱ्याची ओपीडी परवडते. कारण काउंटरवर मागून घेतलेल्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लाली झटकन उतरते, पण आठवडेच्या आठवडे घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो.

लेन्स वापरत असाल तर पापणी बरी होईपर्यंत चष्मा.

थांबू नये तेव्हा

संपूर्ण पापणी सुजून डोळा उघडेना, ताप आला, डोळा फिरवताना दुखतं, दोन-दोन दिसतं, नजर कमी झाली किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसतो, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहान मुलांच्या बाबतीत तर रात्रीसुद्धा.

कॅलेझिऑन महिनाभर नीट शेकूनही बसलं नाही तर डॉक्टर पापणी उलटवून आतल्या बाजूने छोटी चीर देऊन ते काढतात. भूल फक्त तिथल्यापुरती, काम १०-१५ मिनिटांचं, बाहेरून व्रण नाही. मोठी गाठ बुबुळावर दाबली तर चष्म्याचा सिलिंडर नंबर येतो, म्हणून वर्षानुवर्षं बाळगू नये.

नाकाजवळच्या कोपऱ्यात पिवळट, सपाट चकत्या असतील तर शेकून काही होत नाही. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्या, मात्र अशा सुमारे निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं. मोहरीएवढे पांढरे कडक दाणे निरुपद्रवी, फक्त सुईने टोचू नका.

पुन्हा पुन्हा येते

कधी या पापणीवर, कधी त्या, अशी येत असेल तर साखर तपासा, डोक्यातला कोंडा बघा आणि पापणीच्या केसांच्या मुळाशी खपल्या आहेत का ते आरशात पाहा. असतील तर अर्धा कप कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे तीन-चार थेंब घालून, कापसाने मिटलेल्या पापणीची कड रोज रात्री पुसा, मग साध्या पाण्याने धुवा. उन्हात तोंडाला गुंडाळलेल्या दुपट्ट्याच्या टोकानेच डोळ्याचा घाम टिपायचा ही आपली सवय सोडा, आणि तो दुपट्टा रोज धुवा. काजळ कुणाला देऊ नका, रांजणवाडीच्या काळात वापरलेलं टाकून द्या.

पण चाळिशी-पन्नाशीनंतर गाठ दर वेळी त्याच जागी येत असेल, तिथले केस झडले असतील किंवा जखम भरत नसेल, तर प्रकरण वेगळं. तेलग्रंथीचा कर्करोग अगदी कॅलेझिऑनसारखाच दिसतो, आणि पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आहे. अशी गाठ दुसऱ्यांदा काढत असतील, तर निघालेला तुकडा बायोप्सीला पाठवताय ना, हे ऑपरेशनच्या आधीच विचारा.