गॅस गीझरचा धूर गच्चीवर सोडताना

नाशिकला दिवाळी सरली की माझा फोन वाजायला लागतो. निफाडकडचा गारठा शहरात उतरतो, पारा १० च्या खाली जातो आणि सगळ्यांना एकदम गरम पाणी आठवतं. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं : "दादा, गॅसचा गीझर बाथरूममध्येच टांगून द्या, धुराच्या पाइपाची भानगड नको." मी ते काम घेत नाही. का घेत नाही ते आधी सांगतो, मग पाइप कसा लावायचा ते सांगतो.

अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये मी पत्र्याचे डक्ट बनवायला शिकलो, नंतर गीझरच्या कामात पडलो. तेव्हा मीही बाथरूममध्येच गीझर लावत होतो. सिडकोतल्या माझ्या थोरल्या बहिणीकडे असाच एक लावला, आत, पाइपाविना. व्हेंटिलेटर उघडा असल्यावर काही होत नाही, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. जानेवारीत थंडी येते म्हणून ताईने व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावला. भाची केस धुवायला आत गेली. अर्ध्या तासाने भाऊजींनी हाक मारली तर पाण्याचा आवाज येत होता, पोरीचा नाही. कडी तोडून तिला ओढून बाहेर काढलं. पोर वाचली, आज कॉलेजला जाते. पण त्या दिवसापासून मी बाथरूमच्या आत गॅसचा गीझर लावलेला नाही.

हिशेब सरळ आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गीझर सलग चालला तर तासाला साधारण पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आपल्याकडचं ४ बाय ६ फुटांचं, ८ फूट उंचीचं बाथरूम घ्या, त्यात सगळी मिळून साडेपाच घनमीटरसुद्धा हवा नसते. दार-खिडकी बंद असेल तर प्राणवायू कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आपल्याला जो गॅसचा वास येतो तो न जळलेल्या एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या पदार्थाचा. "वास आला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे" हे म्हणूनच चुकीचं आहे.

आता काम. मागच्या डिसेंबरात पाथर्डी फाट्याजवळ एका निवृत्त सरांच्या बंगल्यात केलं, तेच धरून सांगतो. स्वयंपाकघराच्या वर थेट गच्ची. गीझर स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत लावायचा होता. पण त्या बाल्कनीला सरांनी स्लायडिंग खिडक्या लावून ती बंद केलेली. म्हणजे नावाला बाल्कनी, प्रत्यक्षात खोलीच. शहरभर हेच चाललंय, त्यामुळे "गीझर बाल्कनीत आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. खिडक्या बंद करून आत उभं राहा आणि हवा कुठून येणार ते विचारा.

सगळ्यात आधी गीझर बघा. वरती धुराचा पाइप बसवायची गोल कॉलर आहे का? नसेल तर तो गीझर पाइपाचा नाहीच. त्याच्यावर पत्र्याचा डबा ठोकून पाइप जोडायचा जुगाड करू नका, आतली ज्योत बिघडते. कॉलरवाला, आयएसआयचा शिक्का असलेला गीझरच घ्या. घरी पाइपाचा गॅस आला असेल तर त्या गॅससाठी बनवलेलाच घ्या. सिलिंडरचा गीझर त्या लाइनला जोडायचा नाही, दोन्हींचे जेट (गॅस सोडणारी बारीक भोकं) आणि दाब वेगळे असतात.

पाइपाचा व्यास कॉलरएवढाच, कमी कधीच नाही. सरांच्या गीझरची कॉलर ११० मिलिमीटरची होती, तर पाइपही ११० चाच, शेवटपर्यंत. "बाजारात ९० चा स्वस्तात मिळतोय" म्हणून रिड्यूसर (पाइप अरुंद करणारा जोड) घालणारे मी पाहिलेत. पाइप स्टेनलेस स्टीलचा घ्या. पीव्हीसी कधीच वापरू नका. धूर दीडशे अंशांच्या पुढे असू शकतो आणि पीव्हीसी ८० च्या आसपासच मऊ पडतो. वळ्यावळ्यांचा तो अॅल्युमिनियमचा लवचीक पाइप स्लॅबमधून न्यायला कामाचा नाही. झोळ पडला की त्यात पाणी साचतं. पाणी कुठून येतं असं विचाराल, तर गॅस जळतानाच ते तयार होतं. एक किलो गॅसमागे दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ निघते आणि थंड पाइपात तिचे थेंब होतात.

पाइपाची वाट जितकी सरळ तितकी चांगली. या गीझरला पंखा नाही. गरम धूर हलका म्हणून आपोआप वर चढतो, एवढीच त्याची ताकद. कॉलरपासून निदान एक फूट पाइप सरळ वर जाऊ द्या, त्यानंतरच काय ते वळण. सरांकडे नेमका बीम आड आला. बीम किंवा कॉलम फोडायचा नाही, कोणी कितीही म्हणो. आम्ही ९० अंशांचा एल्बो टाळून ४५ चे दोन लावले आणि पाइप दीड फूट बाजूला सरकवला. आडवा पाइप द्यावाच लागला तर दर फुटाला पाव इंच चढ द्या, आणि आडवी लांबी उभ्या उंचीच्या पाऊणपटीपेक्षा जास्त होऊ देऊ नका. माझा पुतण्या कॅनडात असतो. तिकडे अख्खं घर तापवायला तळघरात गॅसची भट्टी असते. तिचा धूर असाच आपोआप वर जाणारा असेल तर तिच्या आडव्या पाइपालाही हाच चढ लागतो.

स्लॅबला भोक पाडताना आधी खालून ६ मिलिमीटरचं बारीक ड्रिल आरपार काढा, गच्चीवर जाऊन ते कुठे निघालं ते बघा, मगच मशीनने गोल भोक कापणाऱ्या कोअर कटिंगवाल्याला बोलवा. पाइपापेक्षा मोठं भोक लागतं, कारण पाइप थेट सिमेंटमध्ये पुरायचा नसतो. तापला की तो लांबतो, गार झाला की आखडतो, आणि काँक्रीटमध्ये जखडलेला असेल तर सांधे सुटतात. म्हणून ६ इंची पत्र्याची स्लीव्ह (पाइपाबाहेरची मोठी नळी) आधी बसवायची, ती कोब्याच्या वर निदान अर्धा फूट काढायची, भोवती वॉटरप्रूफिंग करायचं. स्लीव्ह आणि पाइप यांच्यामध्ये रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरायचं आणि पाइपावर पत्र्याची छत्री आवळायची, म्हणजे पावसाचं पाणी स्लीव्हच्या तोंडात न जाता बाहेर पडतं. हे काम पावसाळ्याच्या आधी नाहीतर नंतर करा. भर आषाढात कोबा फोडलात तर खालच्या छताला ओल धरेल.

प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू आणि उष्णता सहन करणारं सिलिकॉन. पाइप दुहेरी भिंतीचा असेल तर स्क्रू आतल्या नळीत घुसवू नका, त्याची जोडणी कंपनीने दिलेल्या लॉकनेच करायची. पाइपावर बाण छापलेला असेल तर तो वरच्या दिशेला ठेवा. मध्ये कुठेही डॅम्पर (पाइप बंद करायची झडप) नको. तो उघडायचा राहिला तर सगळा धूर घरात येईल.

गच्चीवरच्या उंचीबाबत लोक फार कंजुषी करतात. पाइपाचं तोंड आजूबाजूच्या १० फुटांतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा निदान २ फूट वर हवं. सरांकडे कठडा साडेतीन फुटांचा, पण सहा फुटांवर स्टँडवरची पाण्याची टाकी, तिचा माथा ५ फुटांवर. म्हणून पाइप ७ फूट काढला. वारा टाकीवर आपटून खाली वळतो आणि बुटक्या पाइपातून धूर परत घरात ढकलतो. एवढा उंच पाइप वाऱ्याने हलू नये म्हणून तीन बाजूंनी तारेचे ताण दिले. गच्चीवरच्या भागाला रॉकवूल गुंडाळून वर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवला, म्हणजे जानेवारीतल्या पहाटे पाइप बर्फासारखा गार होत नाही. तोंडावर टोपी आणि कबुतर आत शिरणार नाही अशी जाळी, पण डासांची बारीक जाळी नको, ती धुळीने बुजते. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर किंवा इमारतीच्या बंद डक्टमध्ये धूर सोडायचा नाही. डक्टमध्ये सोडलेला धूर वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये जातो, तिथे झोपेतून उठलेली लेकरं असतात.

खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांनी तीन-चार मजले पाइप गच्चीपर्यंत नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इतक्या लांब पाइपात धूर वाटेतच गार होतो आणि ओढ संपते. तुम्ही विजेचा स्टोरेज गीझर घ्या, किंवा गच्ची मिळाली तर सोलर.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. पाइप लागला म्हणजे काम झालं असं नाही. जितका धूर वर जाणार तितकी हवा खालून यायला हवी. आम्ही बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूला १० बाय १० इंचांच्या दोन जागा मोकळ्या ठेवायला सांगितल्या : एक छताजवळ, एक अगदी जमिनीलगत. खालची यासाठीही की एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तळाशी साचतो. सरांनी मान डोलावली, पण वहिनींना पाली येतील ही भीती, म्हणून खालच्या जागेवर घट्ट काच बसली.

चाचणीच्या दिवशी खिडक्या लावून गीझर चालू केला. पाच मिनिटं थांबलो, कारण पहिल्या मिनिटाला पाइप गार असतो, तेव्हाचं काही खरं नसतं. मग कॉलरच्या खाली जिथून हवा आत घेतली जाते त्या कडेला उदबत्ती धरली. धूर छान आत ओढला गेला. सर खूश. मी वहिनींना म्हटलं, स्वयंपाकघरातली चिमणी फुल करा आणि मधलं दार उघडं ठेवा, तुम्ही रोज ठेवता तसं. उदबत्तीचा धूर थरथरला, उभा राहिला आणि सरळ माझ्या तोंडावर आला. सर वाकून बघत होते, त्यांचा चष्मा पांढरा झाला. ती गीझरच्या धुरातली वाफ होती, तिच्यासोबत बाकीचंही सगळं घरात येत होतं. स्वयंपाकघराच्या चिमणीच्या खोक्यावर तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा ओढते असं छापलेलं असतं. तिच्यापुढे आपल्या पाइपाची ती नाजूक ओढ काय टिकणार? हवा मिळेना म्हणून ती गच्चीवरून, पाइपातूनच, उलटी खेचत होती.

त्याच दिवशी काच काढली, जागी पाव इंची जाळीचं लूव्हर (हवा येऊ देणारी तिरक्या पट्ट्यांची झडप) बसवलं. मधल्या दाराला आपोआप बंद होणारा क्लोजर आणि कडेने रबरी पट्टी लावली. स्वयंपाकघराची बाहेरची खिडकी चिमणी चालू असताना उघडी ठेवायची हे ठरलं. मग पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा चिमणी फुल, पुन्हा उदबत्ती. या वेळी धूर आत गेला. तुमच्या फिटरने ही चाचणी सगळे पंखे चालू आणि दारं-खिडक्या बंद करून तुमच्यासमोर केली नसेल, तर त्याचे पैसे देऊ नका. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅनही असाच उलटा मारू शकतो, तोही चालू ठेवूनच बघा.

गॅसची जोडणी एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. सांधे साबणाच्या पाण्याने तपासायचे, काडी ओढून नाही. ज्योत निळी हवी. पिवळी टोकं दिसली किंवा पाइपाच्या कडेला काजळी धरली तर गीझर बंद करा आणि माणूस बोलवा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच. एक गीझरजवळच्या खोलीत, एक झोपायच्या खोलीबाहेर, बसवायची उंची त्याच्या कागदावर दिलेली असते. हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असेल तर चांगला अलार्म एक ते चार तासांत वाजतो, ४०० भाग असेल तर ४ ते १५ मिनिटांत. म्हणून तो वाजला की "बघू थोड्या वेळाने" म्हणायचं नाही. अलार्म नसला तरी घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायात बळ राहिलं नाही आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर तीही खूणच. दारं उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, जमलं तर गीझर बंद करा, १०८ ला फोन लावा. कोणी आत पडलं असेल तर श्वास रोखून लगेच ओढून बाहेर काढा, आत उभं राहून तोंडावर पाणी मारत बसू नका. गॅसच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तो गीझरजवळ भिंतीवर लिहून ठेवा.

वर्षातून दोनदा गच्चीवर चढा. एकदा दिवाळीच्या आधी, थंडी सुरू व्हायच्या आत : टोपीत कबुतराने काड्या घातल्यात का, तार सैल झालीय का, स्लीव्हजवळ ओल आहे का ते बघा. दुसऱ्यांदा संक्रांतीनंतर. आपल्याकडे पतंग जोरात उडतात, मांजा टोपीला गुरफटतो आणि त्याला अडकून कागदाचा गोळा जाळीवर बसतो. मागच्या संक्रांतीला सरांच्या टोपीतून मी हातभर मांजा आणि अर्धा पतंग काढला. खाली येऊन गीझर चालू केला, पाच मिनिटं थांबून उदबत्ती धरली, धूर सरळ आत गेला.