इम्पॅक्ट फॅक्टर पाहायच्या आधी वहीत शंभर टायटलं उतरवा

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजातली एमए सायकॉलॉजीची एक पोरगी मोबाईल घेऊन आली, म्हणे सर पाहा नं, या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या पेपरांचा बाकीचे पेपर सरासरी किती वेळा उल्लेख करतात तो आकडा) ७.८६२ आहे अन् तीन दिवसात छापून देतो म्हणतात, टाकू का पेपर? मी म्हटलं थांब वं माय, पैसे भरले तर नाही नं? कारण मी स्वतः असाच फसलेला माणूस आहे. साडेतीन हजार रुपये भरले, पेपर छापून आला, सोनेरी काठाचं सर्टिफिकेटही आलं, ते बायकोनं फ्रेम करून भिंतीवर लावलं, अन् पुढच्या वर्षी पाहतो तर वेबसाइटच गायब. फ्रेम अजून भिंतीवर आहे, काढायची हिंमत होत नाही.

यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, होती तोवर काम सोपं होतं, यादीत नाव दिसलं की डोळे झाकून टाका. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं, आता जर्नल बरं की भंगार हे ज्याचं त्यानंच पाहायचं. म्हणून त्या पोरीला जे सांगितलं तेच इथे लिहून राहिलो. तिचा विषय लग्नाचा, म्हणजे गावातल्या पोरीला कसा नवरा पाहिजे अन् तिच्या मायबापाला कसा जावई पाहिजे. त्यासाठी नमुना म्हणून घेतलं 'इव्होल्यूशनरी सायकॉलॉजी' हे जर्नल, माणसाचं मन उत्क्रांतीतून कसं घडलं यावरचे पेपर छापणारं. २००३ ला सुरू झालं, वाचायला फुकट, २०१५ पासून सेज प्रकाशनाकडे आहे. वाचायला फुकट म्हणजे छापायलाही फुकट असं समजू नका, फी लेखकाकडून घेतात. फी घेतली म्हणून जर्नल खोटं होत नाही, पण किती लागते अन् सवलत मिळते का हे पेपर पाठवायच्या आधीच विचारून घ्या.

पहिली अडचण नावाची. जर्नलचं नाव अन् विषयाचं नाव एकच, त्यामुळे गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या पेपर शोधायच्या साइटवर, ते नाव टाकलं की अख्खा विषयच अंगावर येते. म्हणून जर्नलचा ओळख नंबर धरा, त्याला आयएसएसएन म्हणतात, याचा १४७४-७०४९. अन् वेबसाइट प्रकाशकाच्या साइटवरून उघडा, मेलमध्ये आलेल्या लिंकवरून नाही, कारण खऱ्या जर्नलचं नाव अन् नंबर चोरून हुबेहूब दुसरी साइट उभी करणारे लोक आहेत. याच गोतावळ्यातलं दुसरं मोठं जर्नल 'इव्होल्यूशन अँड ह्यूमन बिहेविअर'. ते १९७९ ला निघालं तेव्हा त्याचं नाव होतं 'इथॉलॉजी अँड सोशिओबायॉलॉजी', १९९७ ला बदललं. नुसतं नवीन नाव शोधलं तर पहिली अठरा वर्षं तुम्हाला दिसणारच नाहीत. सातबारा आज्याच्या नावावर अन् आपण बापाच्या नावानं शोधत बसलो, तसं होते.

आता आकडे. इम्पॅक्ट फॅक्टरची कल्पना युजीन गारफील्डनं १९५५ मध्ये मांडली, पुढे ती इंडेक्समध्ये, म्हणजे कोणी कोणाचा उल्लेख केला याच्या सूचीत, कोणती जर्नलं घ्यायची हे ठरवायला वापरली, मास्तरच्या प्रमोशनसाठी नाही. हिशेब साधा आहे. समजा २०२२ मध्ये जर्नलनं ६० पेपर छापले अन् २०२३ मध्ये ७०, झाले १३०. या १३० पेपरांचा उल्लेख २०२४ मध्ये सगळीकडे मिळून ३९० वेळा झाला, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३९० भागिले १३०, म्हणजे ३. बस. हा आकडा क्लॅरिव्हेट कंपनी दर जूनमध्ये काढते, अन् २०२३ पासून एकच दशांश दाखवते. म्हणून ते ७.८६२ पाहूनच माझ्या पोटात गोळा आला. तीन दशांश म्हणजे एकतर जुना आकडा नाहीतर कुठल्यातरी दुकानातून विकत आणलेला, 'जागतिक' 'आंतरराष्ट्रीय' असे शब्द लावून इम्पॅक्ट फॅक्टर वाटणारी दुकानं आहेत. पोरीसमोर क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट, म्हणजे ते मोजतात त्या जर्नलांची यादी, उघडली, ती फुकट दिसते, तिथे ते जर्नल नव्हतंच. विषय संपला.

पण खऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्येही गोम आहे, ती म्हणजे सरासरी. आमच्या गावात एका घराकडे ऐंशी एकर अन् बाकी सगळ्यांकडे दोन-दोन अडीच-अडीच, सरासरी काढली तर कागदावर सगळेच बागायतदार दिसतात. जर्नलमध्ये तेच राहते, पाच-सहा पेपर बक्कळ उल्लेख ओढतात अन् अर्ध्यांना कोणी विचारतही नाही. म्हणजे जर्नलचा आकडा ३ आहे म्हणून तुमच्या पेपरला तीन उल्लेख मिळतील असं काही नाही. अन् दुसरी गोष्ट मुदतीची. फक्त मागची दोन वर्षं मोजतात. वरूड-मोर्शीकडच्या माणसाला विचारा, संत्र्याच्या बागेचा हिशेब कोणी दुसऱ्या वर्षी करते का? मानसशास्त्रातले पेपर उशिरा फळ धरणारे. डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञाचा जोडीदार निवडीवरचा अभ्यास १९८९ चा, ३७ संस्कृतीतले १०,०४७ लोक, त्यात भारतही होता, तो आजही लोक उल्लेखून राहिले, पण इम्पॅक्ट फॅक्टरच्या दोन वर्षांच्या खिडकीत असा पेपर बसतच नाही. म्हणून पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर दिसला तर तो पाहा.

बाकीचे आकडे झटपट सांगतो. साइटस्कोर हा स्कोपस नावाच्या पेपरांच्या डेटाबेसचा, चार वर्षांचा, स्कोपसच्या साइटवर लॉगिनशिवाय दिसते. एसजेआर स्पेनच्या साइमागो साइटवर, त्यात वजनदार जर्नलनं उल्लेख केला तर जास्त मार्क, ऐऱ्यागैऱ्यानं केला तर कमी. तिथेच क्यू-१ (सगळ्यात वरचा) ते क्यू-४ (सगळ्यात खालचा) असे गट दिसतात, पण एकच जर्नल एका विषयात क्यू-२ अन् दुसऱ्या विषयात क्यू-३ राहू शकते, म्हणून विषय पाहून मगच मिरवा. एसएनआयपी हा आकडा वेगवेगळ्या विषयांच्या जर्नलांची तुलना करायला. गूगलचा एच-५ म्हणजे मागच्या पाच वर्षांत इतक्या पेपरांना किमान तितके उल्लेख. मला स्वतःला साइमागोवरचा एक ग्राफ सगळ्यात कामाचा वाटते, जर्नलनं स्वतःचाच उल्लेख किती केला तो. ती रेघ एकूण उल्लेखांच्या रेघेला चिकटून चालत असेल तर समजा घरच्याच लोकांनी घरच्याच लग्नात आहेर केला.

अन् उल्लेख म्हणजे कौतुक नव्हे राजेहो, हे डोक्यात पक्कं बसवा. देवेंद्र सिंग म्हणून भारतीय वंशाचे संशोधक टेक्ससला होते, १९९३ मध्ये त्यांनी मांडलं की कंबर अन् नितंब यांचं ०.७ च्या आसपासचं प्रमाण पुरुषांना जास्त आवडते. लोकांनी ते उचलून धरलं, अन् १९९८ मध्ये पेरूमधल्या मात्सिगेंका लोकांवरच्या अभ्यासानं उलट दाखवलं, बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या तिथल्या पुरुषांची पसंती वेगळीच निघाली. आता सिंगच्या खात्यात दोन्ही उल्लेख जमा, मानणाऱ्याचाही अन् खोडणाऱ्याचाही.

आता खरं काम, जर्नल कोणते प्रश्न विचारते हे पाहणं. याला सॉफ्टवेअर आहे, पण आधी वही घ्या. पोरीला सांगितलं, अलीकडच्या अंकातली शंभर टायटलं हातानं उतरव. ती म्हणे सर शंभर? म्हटलं हो, कापूस मोजायला आणला तर गाठोडं सोडून आत हात घालतात नं, वरूनच भाव लावत नाहीत. ती दोन दिवस लायब्ररीत बसली, लाइट गेली तर खिडकीपाशी. डावीकडे टायटल, उजवीकडे एका शब्दात विषय, अन् खाली पाच-पाचच्या रेघा. सगळ्यात जाड ढीग जोडीदार निवडीचा निघाला, चेहरा, आकर्षण, मत्सर, फसवणूक हे सगळं त्यातच. मग सहकार्य अन् नातेवाइकांना मदत, मग आईबाप अन् लेकरं, मग किळस अन् रोगापासून बचाव, मग स्वार्थी, कावेबाज स्वभावाचे पेपर. प्रत्येक टायटलपाशी तिला अजून एक खूण करायला लावली, डेटा कोणत्या देशातला. ती खूण टायटलात दिसत नाही, पेपर उघडून पद्धतीचा भाग वाचावा लागते. अमेरिका अन् युरोपातले कॉलेजचे पोट्टे पाहून पाहून ती कंटाळली. मानसशास्त्राचा बहुतेक डेटा असल्याच समाजातला आहे ही तक्रार हेनरिक, हाइन अन् नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये जोरात मांडली होती, पण वाचून जे समजत नाही ते रेघा ओढून समजते.

हातानं झाल्यावर सॉफ्टवेअर. ओपनअ‍ॅलेक्स नावाचा डेटाबेस २०२२ पासून फुकट आहे, त्यात सोर्स म्हणून जर्नल निवडा, वर्षं टाका, सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता, उतरवून घ्या, अन् उल्लेखांच्या रकान्यावरून उतरत्या क्रमानं लावा, ती ऐंशी एकरवाली घरं लगेच वर येतात. विषयांच्या शब्दांचा नकाशा पाहिजे तर व्हीओएसव्ह्यूअर, नेदरलँडच्या लायडन विद्यापीठाचं, तेही फुकट. दोन शब्द एकाच पेपरात जितके जास्त वेळा सोबत येतात तितके नकाशात जवळ दिसतात अन् रंगाचे पुंजके पडतात. इथे सगळे एक चूक करतात, मीही केली. 'मेट प्रेफरन्स', 'मेट प्रेफरन्सेस' अन् 'मेट चॉइस', तिन्ही जोडीदाराच्या पसंतीचेच शब्द, पण सॉफ्टवेअर ते वेगवेगळे धरते, एकाच घराचे तीन राशन कार्ड. त्यासाठी थिसॉरस फाइल बनवावी लागते, साधी टेक्स्ट फाइल, दोन रकाने, एकात सापडलेला शब्द अन् दुसऱ्यात त्याच्या जागी कोणता धरायचा तो. वहीतला उजवा रकाना इथे कामी येते. अन् पुंजक्याला नाव सॉफ्टवेअर देत नाही, ते तुम्हीच द्यायचं, म्हणून आधी टायटलं वाचलेली बरी.

मग पोरीचा पेपर कुठे बसते? डेव्हिड बसच्या त्या अभ्यासात बायकांनी नवऱ्याच्या कमाईच्या शक्यतेला जास्त वजन दिलं होतं, २०२० मध्ये ४५ देशातल्या १४,३९९ लोकांवर पुन्हा पाहिलं तेव्हाही तेच. आमच्याकडे तर बायोडाटावर सरळ लिहून राहते, नोकरीवाला पाहिजे, शेतकरी नको. पण हे उत्क्रांतीनं लिहिलं की कापसाच्या भावानं, हे मला काही सांगता येत नाही, अन् इथे निवड पोरगी एकटी करतही नाही. ती वहीत शोधत बसली तर 'पेरेंटल चॉइस' म्हणून धागाच सापडला, सायप्रसच्या मेनेलाओस अपोस्तोलू यांचे आईबापाच्या पसंतीवर कितीतरी पेपर आहेत, काही याच जर्नलमध्ये. जावई कसा पाहिजे हाच प्रश्न. त्या टायटलांना तिनं पेन्सिलनं चांदणी केली, चार चांदण्या झाल्या. आता त्या चारही पेपरांना पुढे कोणी उल्लेखलं ते गूगल स्कॉलरवर 'साइटेड बाय' दाबून पाहून राहिली. त्यातले जे पैसे भरून वाचायच्या जर्नलमध्ये आहेत त्यांच्यासाठी अमरावतीला विद्यापीठात जावं लागेल, वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारनं सगळ्यांसाठी जर्नलांची वर्गणी भरायची योजना, जानेवारी २०२५ पासून सुरू झालं पण ते सरकारी संस्थांना, अन् आमचं कॉलेज खाजगी संस्थेचं. शनिवारची एसटी ठरली आहे. जाताना वही ने म्हटलं, अन् पहिल्या पानावर प्रत्येक आकड्यापुढे वर्ष, कोणत्या साइटवर पाहिला ते अन् पाहिल्याची तारीख लिही, जूनमध्ये नवीन आकडे येतील तेव्हा जुना कुठला होता ते ध्यानात राहणार नाही.