सी प्रोग्रॅममध्ये हेडर फाइल सापडत नाही? आधी एररची ओळ वाचा

हेडर म्हणजे इन्क्लूडच्या ओळीतून प्रोग्रॅममध्ये घेतली जाणारी फाइल. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' या एररमध्येच न सापडलेल्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो. आधी स्पेलिंग तपासा. इनपुट-आउटपुटच्या 'एसटीडीआयओ' हेडरऐवजी 'स्टुडिओ' लिहिणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. लिनक्सवर कॅपिटल-स्मॉल अक्षरंही जुळावी लागतात.

नाव बरोबर असेल तर त्याभोवती कोनी कंस (< >) आहेत की दुहेरी अवतरण, ते पाहा. स्वतः लिहिलेली हेडर दुहेरी अवतरणात हवी. मग कंपायलर आधी तुमच्या सोर्स फाइलच्याच फोल्डरमध्ये शोधतो. कोनी कंसात टाकलीत तर तिथे बघतच नाही. हेडर वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर जीसीसी या कंपायलरच्या कमांडमध्ये वजा चिन्ह, त्याला चिकटून कॅपिटल आय आणि पुढे त्या फोल्डरचा पाथ द्या. फोल्डरचा, फाइलचा नव्हे. बरेच जण इथेच अडकतात.

'कोनिओ' ही हेडर टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या काळातली. लिनक्सवर ती मिळणार नाही, शोधत बसू नका. ती ओळ आणि तिच्यातली 'गेटसीएच', 'सीएलआरएससीआर' ही फंक्शन्स काढून टाका.

उबुंटूवर 'एसटीडीआयओ'च सापडत नसेल तर बहुधा 'बिल्ड-इसेन्शियल' पॅकेज इन्स्टॉल करायचं राहिलंय.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही एरर मात्र लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमची तक्रार आहे. त्यासाठी इन्क्लूडच्या ओळी बदलत बसू नका.